शाळेत शिरलो, वर्गाचं काय?

शाळाप्रवेशाचा इतिहास आपल्या पोरांना तोंडपाठ आहे. जयंतीच्या स्टेजवर उभा राहिलेला कुठलाही कार्यकर्ता १८४८ च्या भिडेवाड्यापासून सुरुवात करतो. मग जोतिबांनी अस्पृश्यांच्या मुलांसाठी काढलेल्या शाळा. मग मुक्ता साळवे, मांगाची पोर, जिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. मग १८५६ चं धारवाड. तिथं एका महार मुलानं सरकारी शाळेत नाव घालायला मागितलं, त्याला नकार मिळाला, आणि मुंबई सरकारनंही सवर्णांच्या मर्जीपुढं मान तुकवली. मग शाहू महाराज, ज्यांनी १९१९ साली करवीर संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून पोरांना सगळ्यांच्या शाळेत घ्यायचा हुकूम काढला. शेवटी साताऱ्याचं गोणपाट. टाळ्या पडतात. पोरगा खाली उतरतो.

माझा आक्षेप एवढाच, की हा सगळा इतिहास शाळेच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबतो. दार उघडलं, आत शिरलो, लढाई जिंकली. पण आत शिरल्यावर त्या चार भिंतींत पुढं काय झालं? कोण कुणाशेजारी बसलं? मास्तरनं प्रश्न कुणाला विचारला? ग्रुप पाडले तेव्हा शेवटी उरलं कोण? हा इतिहास कुणी लिहीत नाही, कारण त्याला तारीख नसते. त्याचा सत्याग्रह होत नाही, त्याची केस कोर्टात उभी राहत नाही.

बाबासाहेबांच्या चरित्रकारांनी एक प्रसंग नोंदवून ठेवलाय. मुंबईचं एल्फिन्स्टन हायस्कूल. मास्तरनं भीमरावला फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं, आणि सगळी सवर्ण पोरं फळ्याकडं धावत सुटली. का? तर फळ्यामागं त्यांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. म्हणजे बघा. शाळा सरकारी, दार उघडं, हजेरीपटावर नाव, मास्तरही बोलावतोय. प्रवेशाचा प्रश्न शंभर टक्के सुटलेला. आणि तरी गणित फळ्यावर आणि डबे फळ्यामागं. शाळा एक होती, वर्ग एक नव्हता.

ह्या वर्गाच्या आतल्या इतिहासाबद्दल मला बोलायचंय. आणि त्यासाठी थोडं लांब जायचंय, अमेरिकेत, टेक्सासमधल्या ऑस्टिन गावी. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी ‘दलित पँथर’ हे नाव घेतलं ते तिथल्या काळ्यांच्या पँथरवरून. त्यांच्या कविता आपण वाचल्या, त्यांच्या मुठीचं चित्र भिंतीवर काढलं. त्यांच्या पोरांच्या शाळेत काय चाललं होतं तिकडं मात्र आपलं लक्ष कमीच गेलं.

१७ मे १९५४. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ब्राउन खटल्याचा निकाल दिला. काळ्यांसाठी वेगळी शाळा ठेवणं हीच मुळात विषमता आहे, असं नऊच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं. त्या खटल्यात केनेथ आणि मॅमी क्लार्क ह्या काळ्या नवराबायकोनं केलेल्या बाहुल्यांच्या प्रयोगाचा पुरावा होता. काळ्या पोरांपुढं एक गोरी आणि एक काळी बाहुली ठेवून चांगली कोणती असं विचारलं, तर बरीचशी पोरं गोरीकडं बोट दाखवायची. आपल्या वस्तीत हा प्रयोग करायला बाहुल्यासुद्धा लागणार नाहीत.

निकाल लागला, पण शाळा जागच्या हलल्या नाहीत. १९५७ साली आर्कान्साच्या लिटल रॉक गावात नऊ काळी पोरं हायस्कुलात जायला निघाली, तर त्यांच्यासाठी राष्ट्राध्यक्षाला पलटण पाठवावी लागली. १९६० साली न्यू ऑर्लिन्समध्ये रूबी ब्रिजेस नावाची सहा वर्षांची पोर पोलिसांच्या पहाऱ्यात गोऱ्यांच्या शाळेत गेली. तिचं ते पायऱ्या उतरतानाचं चित्र जगभर गाजलं. पण आतली गोष्ट ऐका. गोऱ्या आईबापांनी आपापली पोरं काढून नेली, मास्तरांनी तिला शिकवायला नकार दिला. बार्बरा हेन्री नावाची एकच बाई तयार झाली. वर्षभर त्या वर्गात एक बाई आणि एक पोर. दोघीच. कोर्टाच्या हिशेबात शाळा मिश्र झाली होती.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांनी ध्यानात ठेवण्यासारखी. वेगळ्या शाळा मोडल्या तेव्हा मोडल्या त्या बहुतेक काळ्यांच्या. गोऱ्यांची शाळा तशीच राहिली, काळ्यांच्या शाळेला कुलूप. तिथले हजारो काळे मास्तर, हेडमास्तर घरी बसले. म्हणजे पोर शाळेत शिरलं आणि त्याला आपला म्हणणारा मास्तर शाळेबाहेर गेला.

ऑस्टिनचंही तेच. ह्या शहरानं १९२८ साली नगररचनेचा एक आराखडा केला आणि काळ्यांना गावाच्या पूर्वेला हलवायचं त्यात कागदावर लिहून काढलं. शाळा, बागा, सोयी पूर्वेलाच द्यायच्या, म्हणजे काळे आपोआप तिकडं जातील. महारवाडा पूर्वेला का पश्चिमेला हे आपल्याकडं धर्मानं ठरवलं, तिथं नगरपालिकेनं ठरवलं. पुढं साठीच्या दशकात मधून मोठा हायवे गेला आणि शीव पक्की झाली. पूर्वेला काळे आणि मेक्सिकन, पश्चिमेला गोरे. मेक्सिकन पोरांची आणखी एक तऱ्हा. टेक्सासच्या शाळांतून त्यांना वर्षानुवर्षं मायबोलीत बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. १९७१ साली कोर्टाच्या हुकमानं शहरातलं काळ्यांचं अँडरसन हायस्कूल बंद झालं आणि काळ्या पोरांना बसमध्ये घालून गोऱ्यांच्या शाळांत नेऊ लागले. ह्या तिन्ही जातींची, मी जातीच म्हणतो, पोरं पहिल्यांदाच एका छपराखाली आली. आणि थोड्याच आठवड्यांत शाळाशाळांतून मारामाऱ्या पेटल्या.

तेव्हा शाळाखात्याच्या एका अधिकाऱ्यानं तिथल्या विद्यापीठातल्या एका प्रोफेसरला बोलावलं. एलियट अ‍ॅरनसन. ज्यू माणूस, १९३२ चा जन्म, बोस्टनजवळच्या रिव्हियरच्या गरीब वस्तीत वाढलेला. ज्यूंच्या धर्मशाळेतून घरी येताना ख्रिस्ती पोरं त्याला गाठून मारायची. मला ओळखत नसताना ही पोरं माझा एवढा द्वेष का करतात, हा प्रश्न तेव्हापासून आपल्या डोक्यात होता असं त्यानं नंतर लिहिलंय. मारामाऱ्या थांबवायचा उपाय त्याला विचारला होता. त्यानं काय करावं? तो आणि त्याचे विद्यार्थी मागच्या बाकावर जाऊन बसले आणि नुसते बघत राहिले.

त्यांनी जे पाहिलं ते तुम्हीआम्ही रोज पाहिलेलं आहे. बाई प्रश्न विचारते. सहा-आठ हात वर होतात. काही पोरं तर जागेवरून उठून हात नाचवतात, मी बाई, मी बाई. बाकीची खाली मान घालून बसतात, आपण दिसूच नये म्हणून. बाई एकाला उठवते. उरलेल्या हातवाल्यांची तोंडं पडतात. तो चुकला की त्यांचे चेहरे खुलतात आणि हात पुन्हा वर! म्हणजे शेजाऱ्याची चूक हा माझा फायदा. वर्गात मिळवायची गोष्ट एकच, बाईची शाबासकी, आणि ती एकालाच मिळणार. आता अशा वर्गात आजवर पडक्या शाळेत, फाटक्या पुस्तकांवर शिकलेलं काळं पोर आणून बसवा, इंग्रजी धड न येणारं मेक्सिकन पोर आणून बसवा. काय होणार? ती हरणार. आणि गोरी पोरं म्हणणार, बघा, आम्ही म्हणतच होतो. काळी पोरं म्हणणार, साले हे शिष्ट. शाळा एकत्र करून दोन्हीकडचे पूर्वग्रह पक्के करायचा कारखानाच तो.

हे होणार असं सांगून ठेवलेलं होतं. १९५४ सालीच, म्हणजे ब्राउनच्याच वर्षी, गॉर्डन ऑलपोर्ट ह्या मानसशास्त्रज्ञानं लिहिलं होतं की माणसं नुसती जवळ आणून पूर्वग्रह जात नाही, कधी कधी चिघळतो. जवळ येणाऱ्यांचा दर्जा त्या जागेपुरता तरी सारखा पाहिजे. काम सामाईक पाहिजे. ते एकमेकांच्या हातानंच पुरं व्हायला पाहिजे. आणि वरच्या सत्तेनं, हेडमास्तरपासून सरकारपर्यंत, ह्याच्या बाजूनं उभं राहायला पाहिजे. कोर्टानं जवळ आणलं. बाकीचं कोण करणार?

अ‍ॅरनसननं प्रवचन दिलं नाही. बंधुभावाची प्रार्थना म्हणायला लावली नाही, ‘आम्ही सारे भाऊ भाऊ’ असं नाटुकलं बसवलं नाही. त्यानं धड्याचे तुकडे केले. अगदी कात्रीनं कापावेत तसे.

पाचवीचा वर्ग. धडा होता जोसेफ पुलित्झरच्या चरित्राचा, हा वृत्तपत्रवाला. पाच-सहा पोरांचा एकेक गट, प्रत्येक गटात तिन्ही रंगांची पोरं, मुलगे आणि मुली मिसळलेल्या. चरित्राचे जितकी पोरं तितके भाग, आणि प्रत्येक पोराच्या हातात एकच भाग. बालपण एकाकडं, अमेरिकेत येणं दुसऱ्याकडं, पेपर काढणं तिसऱ्याकडं. पुस्तक दुसरं नाही. आधी प्रत्येकानं आपला तुकडा वाचायचा. मग सगळ्या गटांतली एकाच तुकड्याची पोरं एकत्र बसणार, आपसात बोलणार, हे कसं सांगायचं ते ठरवणार, म्हणजे कच्चं पोरही तयार होऊन परत जाणार. मग आपापल्या गटात येऊन प्रत्येकानं आपला भाग बाकीच्यांना शिकवायचा. शेवटी परीक्षा, ती ज्याची त्याची, पण सबंध धड्यावर. ह्याला त्यांनी जिगसॉ म्हटलं, पोरं चित्राचे तुकडे जुळवतात तो खेळ. एकही तुकडा हरवला तर चित्र अपुरं.

अ‍ॅरनसननं एका पोराची हकिकत लिहून ठेवलीय. कार्लोस हे त्यानं दिलेलं नाव, खरं नव्हे. मेक्सिकन पोरगं, इंग्रजी दुसरी भाषा. पहिल्या वर्गात गप्प बसायला शिकलेलं, बाईही त्याला विचारायच्या नाहीत, त्याची फजिती नको म्हणून. दोघांमधला मुका करारच तो. (असा करार करणारे दयाळू मास्तर आपल्याही वाट्याला आलेत. त्यांची दया मला शिव्या देणाऱ्या मास्तरापेक्षा जड गेली.) गटात कार्लोसची पाळी आली. तो अडखळला, घाम फुटला. पोरं हसली. एक पोरगी म्हणाली, तुला काही येत नाही, तू ढ आहेस. पूर्वीच्या वर्गात ह्या बोलण्यानं तिचं काही बिघडलं नसतं. तिथं लक्ष ठेवायला असलेल्या सहायकानं फक्त एवढंच सांगितलं, की तुम्हाला त्याला असं म्हणायचं तर म्हणा, पण वीसेक मिनिटांनी परीक्षा आहे आणि कार्लोसकडचा तुकडा तुमच्यापैकी कुणाकडं नाही.

झालं. पोरांच्या लक्षात आलं की ह्याला खाली पाडलं तर आपलेच मार्क जातात. मग ती त्याला प्रश्न विचारायला लागली. नेमके प्रश्न, सोपे, त्याला उत्तर देता येईल असे. म्हणजे मुलाखत घ्यायला शिकली. कार्लोस बोलता झाला. दोनेक आठवड्यांत पोरांना शोध लागला की हा वाटला तेवढा ढ नाही. पुढं बऱ्याच वर्षांनी कार्लोसचं अ‍ॅरनसनला पत्र आलं, हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये प्रवेश मिळाल्याचं. ही शेवटची गोष्ट सांगताना लोकांचे डोळे भरून येतात. मला हार्वर्डपेक्षा ती पोरं महत्त्वाची वाटतात, ज्यांना प्रश्न विचारावे लागले. कार्लोसमध्ये काही कमी नव्हतंच. बदलायचं होतं ते त्याच्या भोवतालच्यांना.

आणि ते बदलले ते काही मन मोठं झालं म्हणून नाही. हे मला आपल्या कार्यकर्त्यांना मुद्दाम सांगायचंय. हृदयपरिवर्तनाची वाट आपण फार पाहिली. इथं हृदयाला हातच लावला नाही, कामाची रचना बदलली. आधी गरज निर्माण झाली, गरजेतून वागणूक बदलली, वागणुकीमागून मन फरफटत आलं. उलट क्रमानं नाही.

निकाल काय लागले? दिवसातला थोडा वेळच हा प्रकार, बाकी शिकवणं नेहमीसारखं. तरी गटातली पोरं एकमेकांना जास्त आवडायला लागली, रंग ओलांडून. स्वतःबद्दलचं मत सुधारलं. १९७६ साली छापून आलेल्या अभ्यासात काळ्या आणि मेक्सिकन पोरांचे मार्क वाढलेले दिसले, आणि गोऱ्यांचं काही नुकसान झालं नाही. १९७८ साली अ‍ॅरनसन आणि त्याच्या सोबत्यांचं ह्यावर पुस्तक आलं. पुढं ही पद्धत जगभर पसरली. म्हणून तिला जादूची कांडी समजू नका. २०२२ साली फ्रान्समधल्या शाळांतले पाच प्रयोग प्रसिद्ध झाले, त्यांत मार्कांवर काही खास परिणाम दिसला नाही. जिथं मास्तरला मनातून नको असतं तिथं चिठ्ठ्या वाटूनही काही होत नाही.

पण माझी खरी अडचण वेगळीच आहे आणि ती अमेरिकन माणसाला सुचणारी नाही.

अ‍ॅरनसन म्हणतो, एकमेकांवाचून अडलं पाहिजे. ठीक. पण आपल्या गावगाड्यात एकमेकांवाचून अडत नव्हतं का? सुताराशिवाय नांगर नाही, लोहाराशिवाय फाळ नाही, कुंभाराशिवाय गाडगं नाही, चांभाराशिवाय मोट नाही, मांगाशिवाय दोर नाही. आणि महाराशिवाय तर काहीच नाही. शीव कुठं पडते ते महारानं सांगायचं, सारा पोचवायचा, वेशीवर जागायचं, मयताचा सांगावा घेऊन गावोगाव पळायचं, मेलेलं ढोर ओढायचं. गावाच्या चित्रातला एकेक तुकडा एकेका जातीच्या हातात. जिगसॉ म्हणतात तो हाच की! हजार वर्षं खेळला आपण. त्यातून कुठला बंधुभाव आला? महाराचं काम अडत होतं म्हणून त्याला कुणी ओट्यावर बसवला? बलुतं वरून टाकलं, पाणी वरून ओतलं. महार वतन १९५८ च्या कायद्यानं गेलं, तोवर हा खेळ चालू होता.

आपल्यातल्या शहाण्या लोकांनाही इथं घोटाळा होतो. बलुतेदारीत कसा जिव्हाळा होता, सगळे सगळ्यांचे कसे होते, असं कुणी बोललं की आपण चिडतो, पण नेमकं चुकतंय कुठं ते सांगता येत नाही. ऑस्टिनचा वर्ग समोर ठेवला की सांगता येतं. तिथं तुकडा जन्मानं मिळत नव्हता. आज कार्लोसकडं पुलित्झरचं बालपण, उद्या दुसऱ्या धड्यातलं आणखी काही. एक तुकडा पवित्र आणि दुसरा घाणेरडा असं नव्हतं. आणि मुख्य म्हणजे प्रत्येकानं आपला तुकडा बाकीच्या सगळ्यांना शिकवायचा होता. परीक्षा सबंध धड्याची! गावगाड्याचा सगळा कायदा ह्याच्या उलटा. ज्याचा तुकडा त्यानंच जन्मभर कवटाळायचा, पोराला द्यायचा, दुसऱ्याचा शिकायचा नाही. शिकला तर जीभ कापा. सबंध धडा वाचायचा अधिकार एकाच जातीला, आणि तिनं तो कुणाला शिकवायचा नाही. १९३६ च्या जातिनिर्मूलनाच्या भाषणात बाबासाहेबांनी कामाची वाटणी आणि काम करणाऱ्या माणसांची वाटणी ह्यातला फरक दाखवला, तो हाच. अवलंबून असणं म्हणजे समता नव्हे. मालकही गुलामावर अवलंबून असतोच.

त्याच भाषणात बाबासाहेब समाजात अनुभवांची आपसात देवाणघेवाण पाहिजे असं सांगतात. हा विचार त्यांनी कोलंबियातले आपले प्रोफेसर जॉन ड्यूई यांच्याकडून घेतला आणि आपल्या आगीत तापवला. हे ड्यूई नुसते पुस्तकी तत्त्वज्ञ नव्हते. १८९६ साली त्यांनी शिकागो विद्यापीठात पोरांची शाळा काढली होती, जिथं पोरं एकत्र स्वयंपाक करीत, विणकाम-सुतारकाम करीत, आणि त्यातून हिशेब आणि इतिहास शिकत. वर्ग म्हणजे लहानसा समाज, तिथं जी सवय लागते तीच पुढं लोकशाही, असं ते मानत. म्हणजे बघा, वर्गात पोरांनी एकत्र काम कसं करावं हा प्रश्न आपल्याला परका नाही. तो बाबासाहेबांच्या गुरूच्या घरचा आहे. आपण तो बालवाडीच्या बाईंचा विषय म्हणून सोडून दिला एवढंच.

आणि आपल्याकडं कुणी करून पाहिलंच नाही असंही नाही. साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली छत्रपती शाहू बोर्डिंग काढलं. महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन पोरं एका छपराखाली. १९२४ साल म्हणजे महाडच्या आधी तीन वर्षं, हे विसरू नका. पोरं आपला स्वयंपाक आपण करायची, अंगमेहनतीनं शिक्षण कमवायची. बोर्डिंग चालवायला भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. एका चुलीवर शिजवणं म्हणजे काय हे तेव्हाच्या मराठा बापाला विचारावं लागलं असतं. ऑस्टिनच्या प्रोफेसरनं धड्याचे तुकडे केले, भाऊरावांनी भाकरीचे केले. जात आपल्याकडं भाकरीत असते, त्यामुळं मला हे जास्त मुळाशी गेलेलं वाटतं.

भाकरीवरून आठवलं. सुप्रीम कोर्टानं २००१ साली शाळेत शिजवलेलं जेवण द्यायचा हुकूम केला आणि २००४ साली सांगितलं की स्वयंपाकाच्या कामात दलित-आदिवासींना पसंती द्या. आता डिसेंबर २०२१, उत्तराखंडचा चंपावत जिल्हा. शाळेत दलित बाई स्वयंपाकाला लागली. सवर्ण पोरांनी जेवण सोडलं. पोरांनी म्हणजे त्यांच्या घरच्यांनी. अधिकाऱ्यांनी बाईलाच काढलं. तेव्हा त्या शाळेतल्या दलित पोरांनी सवर्ण बाईच्या हातचं जेवण नाकारलं. शाळकरी पोरं! बोभाटा झाला, आणि त्या बाईला पुन्हा कामावर घ्यावं लागलं. ऑलपोर्टची चौथी अट, वरच्या सत्तेनं बाजू घेण्याची, ती अधिकाऱ्यांनी पाळली नाही, पोरांनी पाळायला लावली.

मैदानावरचाही एक ताजा पुरावा आहे. मॅट लो नावाच्या अभ्यासकानं उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत निरनिराळ्या जातींच्या बाराशेहून जास्त जवान पोरांना घेऊन प्रयोग केला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. महिनाभराच्या क्रिकेट स्पर्धा. चिठ्ठीनं ठरवायचं कोण कुठल्या संघात. काही संघ मिश्र, काही एकेका जातीचे. जे दुसऱ्या जातीच्या पोरांबरोबर एका संघात खेळले त्यांची जातीबाहेरची मैत्री वाढली. जे दुसऱ्या जातीच्या विरुद्ध संघात खेळले त्यांची उलट कमी झाली. मैदान तेच, चेंडू तोच. आमच्याकडं भीमनगर विरुद्ध शिवाजी चौक अशी मॅच ठेवतात आणि त्याला सलोखा म्हणतात!

हे झालं मिश्र वर्गाचं. पण आज मिश्र वर्ग आहे कुठं? अमेरिकेत १९७४ साली डेट्रॉइटच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं उपनगरातल्या गोऱ्या शाळांना हात लावायला नकार दिला, गोरे उपनगरात निघून गेले, आणि तिथल्या पुष्कळ शाळा पुन्हा एकरंगी झाल्या. आपल्याकडं कोर्टाची गरजही पडली नाही. तिकडं पिवळी बस पोरांना एकत्र आणायला सोडली होती. आपल्या तालुक्याच्या गावात पिवळी बस सकाळी येते आणि ऐपतवाल्यांची, म्हणजे बहुतेक सवर्णांची, पोरं इंग्रजी शाळेत घेऊन जाते. जिल्हा परिषदेच्या शाळेत मागं राहतात बौद्ध, मातंग, पारधी, ऊसतोड्यांची पोरं. सगळे तुकडे एकाच बाजूचे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं खाजगी शाळेत २५ टक्के जागा गरिबांना, वंचितांना ठेवल्या. २०२४ साली महाराष्ट्र सरकारनं नियम बदलला, की सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळेला ह्यातून सुटका. म्हणजे बहुतेकांना सुटकाच. मुंबई हायकोर्टानं जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला. आपल्यातले किती जण त्या लढ्यात होते? प्रवेश मिळालेल्या पोरांना आत कुठं बसवतात ते बघायला कुणी गेलं का? दिल्लीच्या खाजगी शाळांत गौतम राव यांनी अभ्यास केला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की गरीब पोरांबरोबर एका वर्गात शिकलेली श्रीमंत पोरं कमी भेदभाव करतात, शर्यतीत जोडीदार निवडताना गरीब पोराला टाळत नाहीत. म्हणजे ह्या २५ टक्क्यांचा फायदा त्यांच्याही पोरांना आहे. हे त्यांना सांगायला गेलं तर फी परत मागतील.

आता आपल्या घरातलं. संध्याकाळी विहारात आपण अभ्यासिका चालवतो. मी बऱ्याच पाहिल्या, काहींत शिकवलंही. एक ताई किंवा दादा पुढं उभा, चाळीस पोरं समोर, हुशार तिघं हात वर करतात, त्यांचाच सत्कार जयंतीला. म्हणजे ऑस्टिनमधला तोच जुना वर्ग, फक्त भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. स्कॉलरशिपला बसणारी पोरं पुढं, बाकीची चटईच्या कडेला. आणि त्या चटईवर मातंगांची पोरं किती, चर्मकारांची किती, वडार-कैकाड्यांची किती, हे मोजायला गेलं की आपल्याच माणसांच्या कपाळाला आठी पडते. आपला विहार म्हणजे आपल्या जातीचा विहार झालाय काय, हे तिथल्या चटईवर कळतं, ठरावात नाही.

करायला पैसा लागत नाही. एक धडा घ्या, चवदार तळ्याचाच घ्या. पाच तुकडे करा : बोले यांचा १९२३ चा ठराव, महाड नगरपालिकेनं काय केलं, २० मार्च १९२७ ला काय झालं, डिसेंबरच्या परिषदेत काय झालं, आणि कोर्टातली केस, जिचा शेवटचा निकाल १९३७ साली हायकोर्टात लागला. हातानं लिहून काढा, झेरॉक्सलाही दोन रुपये. गट चिठ्ठीनं पाडा, दोस्तांना एकत्र बसू देऊ नका. पोरी वेगळ्या बसवू नका. हुशार पोराला मुद्दाम सगळ्यात लहान तुकडा द्या, त्याला ऐकायची सवय लागू दे. जे पोर बोलत नाही त्याच्याकडं केसचा तुकडा द्या, म्हणजे बाकीच्यांना त्याच्याकडं जावंच लागेल. दर आठवड्याला गट मोडा. पहिले दोन शनिवार नुसता गोंधळ होईल, हुशार पोरांचे बाप येऊन विचारतील, आमच्या पोराचा वेळ का वाया घालवता. त्यांना आत बोलवा, चटईवर बसवा आणि त्यांच्याही हातात एकेक तुकडा द्या.